डिझेल इंजिनाचं टायमिंग जुळवणाऱ्या पंपामागचा माणूस : रॉबर्ट बॉश

जालन्याच्या शिवारात मोसंबीची बाग तहानलेली आणि लाईट गायब, हे काही नवीन नाही. मग विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला हॅण्डल मारलं जातं. पण इंजिन ठोकायला लागलं किंवा धूर ओकत दमायला लागलं, की मेकॅनिक एक गोष्ट तपासतोच. पंपाचं टायमिंग.

हा पंप लहान इंजिनांपर्यंत पोचवला रॉबर्ट बॉशनं.

१८६१ साली जर्मनीतल्या उल्मजवळच्या आल्बेक गावात त्याचा जन्म झाला. बारा भावंडांत हा अकरावा. घरी शेती आणि खानावळ. पोरगा कारागिरी शिकला, अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात राबून आला आणि १८८६ मध्ये स्टुटगार्टला त्यानं छोटं वर्कशॉप टाकलं.

नाव झालं ते मॅग्नेटोमुळं. पेट्रोल इंजिनात नेमक्या क्षणी ठिणगी पाडणारं हे यंत्र. पैसा आला तसा १९०६ मध्ये त्यानं कामगारांना आठ तासांची पाळी दिली. पुढे पहिल्या महायुद्धात परदेशातला धंदा आणि पेटंट्स हातची गेली. १९२१ मध्ये दीर्घ आजारानं एकुलता मुलगा गेला.

त्यात नवं संकट आलं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही! दाबलेल्या हवेच्या उष्णतेनंच डिझेल पेटतं. म्हणजे उद्या डिझेल चाललं, तर मॅग्नेटो घेणार कोण?

बॉशनं मग डिझेललाच हात घातला. तेव्हा इंधन आत मारायला अवजड कॉम्प्रेसर लागायचा, त्यामुळं इंजिन मोठंच राहायचं. १९२२ च्या अखेरीस पंपाचं काम सुरू झालं आणि १९२७ मध्ये तो कारखान्यातून बाहेर पडू लागला. आधी ट्रक, मग ट्रॅक्टर, १९३६ मध्ये मर्सिडीजची कारसुद्धा.

आता टायमिंग म्हणजे काय? पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या थोडं आधी डिझेल आत गेलं पाहिजे. बऱ्याच लहान इंजिनांत हे अंतर २० ते २५ अंशांच्या आसपास असतं, नेमका आकडा कंपनी देते. डिझेल लवकर गेलं की इंजिन ठोकतं. उशिरा गेलं की ताकद जाते, धूर येतो, इंजिन तापतं.

म्हणून मेकॅनिक पंपातून डिझेल वाहतं ठेवून फ्लायव्हील हातानं हळूहळू फिरवतो. धार थांबली, की तिथून पंप दाब द्यायला लागतो. त्याच क्षणी फ्लायव्हीलवरची खूण जुळायला हवी. नाही जुळली, तर अनेक एक सिलिंडरच्या इंजिनांत पंपाखालच्या पातळ शिम बदलतात. शिम वाढवली की टायमिंग मागे जातं, काढली की पुढे येतं.

बॉशचे शेवटचे दिवस सोपे नव्हते. त्यानं ज्यूंना मदत केली, हिटलरच्या विरोधकांना आधार दिला. पण त्याच्याच कारखान्यांत युद्धसामग्री बनली आणि सक्तीनं आणलेले मजूरही राबले. १२ मार्च १९४२ ला तो गेला.

१९५१ मध्ये बेंगळुरूला त्याच्या कंपनीच्या साथीनं मायको सुरू झाली. पुढे नाशिकला नोझल बनू लागले. नाशिकचा मायको सर्कल तिच्याच नावाचा. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण जुन्या मेकॅनिकच्या तोंडी तो पंप अजूनही मायकोचाच आहे.