शिकारी राजा

दिवाळीत तिवस्याहून मेळघाटात जायचा आमचा बेत ठरला. मासे धरू, तितर मारू! गावचा फासेपारधी दोस्त सोबत नको, असं एकजण म्हणाला. मी गप्प बसलो.

मग राजर्षी शाहूंचं चरित्र वाचलं. १८७४ ला जन्म, १८९४ ला कोल्हापूरचा कारभार हाती. शिकारीचा लय नाद. शिकारीसाठी चित्ते पाळलेले. आपण शिकतो त्या धरणांपैकी राधानगरीचं काम त्यांनीच सुरू केलं. फासेपारध्यांना गुन्हेगार समजायचे, तेव्हा महाराजांनी त्यांना जवळ केलं, कामं दिली. १९१८ मध्ये रोजच्या हजेरीची जाचक पद्धत मोडली. १९२२ ला ते गेले.

१९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे. तेव्हा यंदा फक्त जंगल पाहू. यादीत पहिलं नाव दोस्ताचं; आधी त्याची माफी मागून आलो.