प्रोफेसर अर्न्स्ट आबे

सूक्ष्मदर्शक यंत्राच्या नळीस डोळा लावून पाण्याच्या थेंबांतील जीवसृष्टि पाहतांना आमच्या विद्यार्थ्यांस मोठी मौज वाटते. हें यंत्र शास्त्राच्या पायावर उभें करणाऱ्या पुरुषाचें चरित्र मात्र थोड्यांसच ठाऊक असतें. आणि त्यांतील विशेष वाचनीय भाग यंत्रांचा नसून तीं घडविणाऱ्या माणसांचा आहे.

अर्न्स्ट आबे यांचा जन्म जर्मनींतील आइझेनाख गांवीं २३ जानेवारी १८४० रोजीं झाला. वडील सूतगिरणींत कामगार होते. दिवसाचे चौदा ते सोळा तास त्यांस उभ्यानें काम करावें लागे. जेवणाची सुटी नसे. लहानगा अर्न्स्ट किंवा त्याची बहीण जेवण घेऊन गिरणींत जाई. बाप यंत्राला टेकून घाईघाईनें चार घांस घेई, आणि रिकामें भांडें मुलाच्या हातीं देऊन पुन्हां कामास लागे. पन्नाशीपूर्वींच तो म्हातारा दिसूं लागला.

मुलगा हुशार निघाला, तेव्हां त्याच गिरणीच्या मालकानें त्याच्या शिक्षणास पैशाची मदत केली. ज्यानें बापास जेवणापुरती उसंत दिली नाहीं, त्यानेंच मुलाच्या शाळेचा भार उचलला! मालक दुष्ट नव्हता. परंतु त्याची दया त्याच्या मर्जीची होती. आबे यांच्या पुढील आयुष्याचें मर्म मला येथेंच सांपडतें.

१८६३ पासून ते येना शहरांतील विद्यापीठांत शिकवूं लागले. १८६६ सालीं कार्ल झाइस या कुशल कारागिरानें त्यांस आपल्या कारखान्याच्या कामांत घेतलें. तोंवर भिंगें अनुभवानें व अंदाजानें जुळवीत. आबे यांनीं तीं गणितानें ठरविलीं. धंदा भरभराटला, आणि गिरणी कामगाराचा मुलगा भागीदार व धनिक झाला.

१८८८ सालीं झाइस वारले. पुढच्याच वर्षीं आबे यांनीं एक विश्वस्त संस्था स्थापिली, आणि १८९१ सालीं कारखान्याची मालकी तिच्या स्वाधीन केली. १८९६ सालच्या तिच्या घटनेंत कामगारांस नफ्यांत वांटा, पगारी रजा व निवृत्तिवेतन हीं हक्क म्हणून दिलेलीं आहेत, बक्षीस म्हणून नव्हेत. माणूस नेमतांना त्याचा धर्म, वंश वा राजकीय पक्ष पाहूं नये, असा नियम केला. सर्वांत मोठ्या अधिकाऱ्याचाहि पगार कामगाराच्या सरासरी मिळकतीच्या दहापटींहून अधिक नसावा, असें ठरलें. आणि चालकांस नफ्याचा वांटा नाहीं! कामगारांनीं निवडलेल्या मंडळास कारखान्याच्या सर्व बाबतींत आपलें म्हणणें मांडण्याचा अधिकार मिळाला. मंडळाचें मत चालकांवर बंधनकारक नव्हतें, ही उणीव खरीच. तरी त्या काळीं कामगाराचें मत विचारणारे मालक किती होते?

१९०० सालीं कामाचे तास नवांवरून आठ करण्याचा विचार निघाला. आठ तासांत पूर्वीइतकें काम उरकेल काय, हें आबे यांनीं आधीं कामगारांसच विचारलें, आणि बहुमत अनुकूल पडल्यावर १ एप्रिलपासून हा प्रयोग सुरू केला. वर्ष सरल्यावर उक्त्यानें काम करणाऱ्या २३३ जणांचे हिशेब तपासले. प्रत्येक तासाची कमाई सुमारें १६ टक्क्यांनीं वाढली होती. म्हणजे एक तास कमी करूनहि दिवसाचें काम घटलें नव्हतें, उलट थोडें वाढलें होतें. शंकेखोरांपुढें आबे यांनीं हे आंकडेच ठेविले.

१४ जानेवारी १९०५ रोजीं येना येथें त्यांचा अंत झाला. संस्थेस त्यांनीं स्वतःचें नांव दिलें नव्हतें. ती आजहि कार्ल झाइस यांच्याच नांवानें चालते.