सायलेन्सरवाला पर्सी

आधीच कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ तेवढं सांभाळून घ्या.

आमच्या टीमची फॉर्म्युला स्टुडंट कार वर्कशॉपच्या मागे पहिल्यांदा सुरू झाली, तेव्हा अर्ध्या बावधनला ते कळलं. रात्रीचे साडेअकरा. शेजारच्या सोसायटीतून फोन आला आणि रेक्टर मॅडम शाल गुंडाळून खाली आल्या. आम्ही मात्र जाम खूश! नियम ११० डेसिबलचा आणि मीटरवर १०८.

सकाळी सरांनी मीटर हातात घेऊन एक बटण दाबलं. रात्री आम्ही 'ए' वेटिंगवर मोजलं होतं, नियम 'सी' वेटिंगचा आहे. 'ए'मध्ये खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज फार कमी धरला जातो, 'सी'मध्ये जवळजवळ पूर्ण. आमचं इंजिन सिंगल सिलिंडर, म्हणजे सगळी धडधड खालच्याच पट्टीत. माइक एक्झॉस्टपासून अर्धा मीटर लांब, ४५ अंशात. आकडा आला ११६. सहाच तर जास्त, असं वाटेल, पण सहा डेसिबल म्हणजे आवाजाची पॉवर चौपट! स्पर्धेत नॉइज टेस्ट पास झाल्याशिवाय गाडी ट्रॅकवर सोडतच नाहीत. वर्षभराची मेहनत पाण्यात.

सर रागावले नाहीत. हायरम पर्सी मॅक्सिमबद्दल वाचून ये, एवढंच म्हणाले. मला वाटलं, मशीनगनवाला मॅक्सिम. पण तो बाप. हा मुलगा.

पर्सीचा जन्म २ सप्टेंबर १८६९ ला न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये झाला. वडील युरोपात गेले ते तिकडचेच झाले. १८८४ मध्ये त्यांनी मशीनगन बनवली आणि पुढे इंग्लंडमध्ये 'सर' ही पदवीही मिळवली. पण आयुष्यभर बंदुकांच्या आवाजात राहून त्यांचे कान गेले. इकडे मुलगा १८८६ मध्ये एमआयटीतून इंजिनिअर झाला, वय पुरतं सतराही नव्हतं. (आपण त्या वयात सीईटीचे क्लास करत होतो.)

त्याला इंजिनवर चालणारी गाडी बनवायची होती. पेट्रोलमध्ये जोर किती असतो हे बघायला त्याने तोफेच्या रिकाम्या काडतुसात पेट्रोलचा थेंब टाकला आणि पेटती काडी आत टाकली. आमच्या लॅब असिस्टंट काकांनी हे वाचू नये. १८९५ मध्ये तो हार्टफर्डच्या पोप कंपनीत लागला. सायकली बनवणारी ही कंपनी तेव्हा मोटारीत उतरत होती. मालकाला पेट्रोल इंजिन बिलकुल पसंत नव्हतं, स्फोटाच्या वर कोण बसणार, असं त्याचं मत होतं. त्यामुळे पर्सीला तिथे मुख्यतः इलेक्ट्रिक गाड्या कराव्या लागल्या. तरी १८९९ मध्ये ब्रॅनफर्डच्या बंदिस्त ट्रॅकवर तो पेट्रोलचीच गाडी घेऊन उतरला आणि शर्यत जिंकला. अमेरिकेतली ती तशी पहिली शर्यत मानतात.

ज्यासाठी सरांनी मला पाठवलं ते आता. न्हाणीतल्या टबचं पाणी गोल फिरत खाली जाताना बघून त्याला कल्पना सुचली, असं सांगतात. बंदुकीतून गॅस एकदम, प्रचंड दाबाने बाहेर पडतो म्हणून धडाका होतो. त्याच गॅसला वळणावळणाच्या कप्प्यांतून फिरवलं तर तो पसरतो, थंड होतो आणि सावकाश बाहेर येतो. गॅस तेवढाच, फक्त घाई नाही. १९०९ मध्ये त्याला पेटंट मिळालं. गाड्यांना सायलेन्सर त्याच्या आधीही होते, ते श्रेय त्याचं नाही. पण इंजिनांसाठीही त्याने हीच युक्ती वापरली आणि कंपनी पुढे त्यावरच चालली. बापाच्या बंदुकीने बाप बहिरा झाला आणि मुलाने बंदुकीचं तोंड बंद केलं, यात मला तरी नुसता योगायोग वाटत नाही.

बंदुकीच्या सायलेन्सरची मात्र पुढे बदनामी झाली. १९३४ च्या अमेरिकन कायद्याने त्यावर २०० डॉलरचा टॅक्स बसला. कंपनीने तो धंदा त्याआधीच सोडला होता. आपल्याकडे उलटं चालतं. लोक पैसे देऊन बुलेटला फटाका सायलेन्सर लावतात, आणि पोलीस ते काढून रोडरोलरखाली घालतात.

शांततेवर जगणाऱ्या ह्या माणसाचा छंद मात्र बोलण्याचा. त्याचा रेडिओ संदेश तीसेक मैलांवरच्या गावी पोचेना, तेव्हा त्याने मधल्या एका हौशी माणसाकडून तो पुढे पाठवला. त्यातूनच १९१४ मध्ये हौशी रेडिओवाल्यांची एआरआरएल ही संघटना उभी राहिली. ती आजही चालू आहे. पश्चिमेकडे रेल्वेने जाताना तो आजारी पडला आणि १७ फेब्रुवारी १९३६ ला कोलोरॅडोत गेला. वय ६६.

मी हे वाचून वर्कशॉपला गेले आणि आम्ही सायलेन्सर कापला. आतली ग्लासवूल जळून एका कोपऱ्यात गोळा झाली होती, आणि कप्पा एकच. दुसरा कप्पा वेल्ड केला, नवीन वूल घट्ट भरली. थोडा पिकअप गेला, त्यावरून टीममध्ये दोन दिवस भांडण झालं. शनिवारी दुपारी, रेक्टर मॅडमना आधी सांगून, पुन्हा मोजलं. १०९. 'सी'वरच होतं, मी बटण तीनदा बघितलं.