'माझी मैना' आजही का गायली जाते? जाणून घ्या शाहीर अण्णा भाऊ साठे यांचा प्रवास

पेण, रोह्यातल्या कितीतरी घरांनी हे अनुभवलं आहे: नवरा कामासाठी मुंबईत, बायको गावाकडे. हीच ताटातूट अण्णा भाऊ साठे यांनी 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीत मांडली आणि ते संयुक्त महाराष्ट्र चळवळीचं गाणं झालं.

कोण होते अण्णा भाऊ?
१ ऑगस्ट १९२० रोजी सांगली जिल्ह्यातील वाटेगावात मातंग कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव तुकाराम. ब्रिटिशांच्या कायद्याने या समाजावर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. शाळा फक्त दीड दिवसाची. कुटुंब पायी मुंबईला आलं. अण्णा भाऊ गिरणीत राबले आणि कम्युनिस्ट चळवळीत आले.

गाण्यात वेगळं काय होतं?
पोवाडा म्हणजे राजे आणि लढाया. अण्णा भाऊंनी त्यात कामगार आणला. स्टालिनग्राडच्या लढ्यावरही पोवाडा रचला. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशाच्या गणात गणपतीऐवजी मातृभूमी आणि श्रमिकांना वंदन केलं, गवळण वगळली.

सरकारने काय केलं?
स्वातंत्र्यानंतर तत्कालीन मुंबई सरकारने कलापथकावर बंदी घातली. तमाशावरही निर्बंध आले. अण्णा भाऊंनी त्याच कलेला 'लोकनाट्य' म्हणून पुढे नेलं.

'माझी मैना'चा अर्थ काय?
वरवर पाहता ही विरहाची छक्कड. पण दुरावलेली मैना म्हणजे महाराष्ट्रापासून तुटलेला मराठी मुलूखही. घरच्या दुःखातून राज्याची मागणी कामगारांना थेट कळली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले पेण आणि रोहाही त्यात आले. बेळगाव, कारवार, निपाणी मात्र बाहेर राहिले. सीमावाद आजही सर्वोच्च न्यायालयात आहे.

शेवट कसा झाला?
१९५९ ची 'फकिरा' कादंबरी त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केली. १९६१ मध्ये ते रशियाला गेले. पण नाव झालं तरी गरिबी सुटली नाही. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावातील सिद्धार्थनगरमध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला.

ज्या माणसाच्या कलापथकावर सरकारने बंदी घातली, त्याची जयंती आज सरकारी कार्यालयांत साजरी होते. त्याने मांडलेले पोटाचे आणि मानाचे प्रश्न मात्र अजून सुटलेले नाहीत. म्हणून ही गाणी जुनी होत नाहीत.