३९व्या वर्षी गेलेल्या पास्कलमुळं आज तुमच्या बाईकचा डिस्क ब्रेक लागतो

घाट उतरताय. वळणावर पुढची एसटी अचानक थांबते. तुमची दोन बोटं ब्रेकच्या लिव्हरवर जातात आणि दीडशे किलोची गाडी दोन माणसांसकट जागेवर थांबते.

आता बोटांत काय एवढी ताकद नसते. मग ती येते कुठून?

याचं उत्तर ज्या माणसानं दिलं, त्यानं आयुष्यात बाईक बघितली नव्हती. त्याच्या काळात घोडागाड्या होत्या. त्याचं नाव ब्लेझ पास्कल.

१९ जून १६२३ ला फ्रान्समधल्या क्लेरमाँ गावात पास्कलचा जन्म झाला. तो तीन वर्षांचा असताना आई गेली. एक थोरली बहीण जिल्बर्त, एक धाकटी जाक्लीन आणि वडील एतिएन, एवढंच घर. वडिलांनी पोराला शाळेत घातलं नाही, घरीच शिकवलं. सोळाव्या वर्षी पोरानं भूमितीवर असा निबंध लिहिला की पॅरिसचे मोठमोठे गणिती चकित झाले.

पुढं वडिलांना रूआं शहरात करवसुलीचं काम मिळालं. रात्र रात्र बसून आकडेमोड चालायची. वडिलांचे हाल बघून १९ वर्षांच्या पास्कलनं १६४२ मध्ये दातेरी चाकांचं बेरीज-वजाबाकीचं यंत्र बनवायला घेतलं. जवळपास ५० नमुने केले, तेव्हा कुठं मनासारखं जमलं. यंत्र चाललं, पण महाग असल्यामुळं धंदा काही चालला नाही.

आणि तब्येत? बहिणीनं लिहिलेल्या चरित्रानुसार अठराव्या वर्षानंतर त्याचा एकही दिवस दुखण्याशिवाय गेला नाही.

तरी गडी थांबला नाही. १६४६ मध्ये त्याच्या कानावर इटलीच्या टोरिसेलीचा प्रयोग आला. पाऱ्यानं भरलेली नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी धरली, तरी पारा सगळा खाली येत नाही. का? पास्कलला वाटलं, बाहेरची हवा त्याला दाबून धरत असणार. तसं असेल तर डोंगरावर हवेचा दाब कमी आणि पारा खाली, असं व्हायला हवं.

डोंगर चढायची त्याची ताकद नव्हती. मग त्यानं गावाकडं थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे दाजींना पत्र लिहिलं. १९ सप्टेंबर १६४८ ला फ्लोरँ पेरिए नळ्या घेऊन पुई द डोम डोंगरावर चढले. माथ्यावर पारा पायथ्यापेक्षा साधारण साडेआठ सेंटीमीटरनं खाली होता. हवेला वजन असतं आणि ती दाब देते, हे दिसून आलं.

हवेनंतर पास्कल द्रवाकडं वळला. बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, तर तो सगळीकडं सारखाच पोचतो. म्हणजे छोट्या पिस्टनवर एका माणसानं जोर लावला, तर शंभरपट मोठा पिस्टन शंभर माणसांचा जोर देतो. फुकट मात्र काही नाही. जोर जेवढ्या पटीनं वाढतो, तेवढ्या पटीनं मोठा पिस्टन कमी सरकतो.

१६५४ च्या सुमारास हे सगळं लिहून तयार होतं, पण छापलं गेलं नाही. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री त्याला उत्कट धार्मिक अनुभव आला आणि विज्ञान मागं पडलं. त्या रात्रीची चिठ्ठी तो कोटाच्या अस्तरात शिवून वागवायचा. मार्च १६६२ मध्ये पाच सू भाड्यात ठरलेल्या मार्गावर धावणारी घोडागाडी त्याच्या पुढाकारानं पॅरिसमध्ये सुरू झाली. पाच महिन्यांनी, १९ ऑगस्टला पास्कल गेला. पुस्तक दाजींनी १६६३ मध्ये छापून आणलं.

पुढं १७९५ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ ब्रामानं याच नियमावर हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. १९१७ मध्ये अमेरिकेत माल्कम लॉकहीडनं गाडीच्या हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट घेतलं. १९६९ च्या होंडा सीबी ७५० नं पुढचा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक सर्वसामान्य बाईकवाल्यांपर्यंत आणला.

समजा, लिव्हरजवळचा पिस्टन १२ मिलिमीटरचा आणि चाकाजवळचा ३४ चा आहे. जोर झाला आठपट. पण खालचा पिस्टन सरकणार आठवा हिस्सा. आता पाईपात हवेचे बुडबुडे शिरले तर? द्रव दबत नाही, हवा दबते. बोटांची सगळी हालचाल बुडबुडे दाबण्यातच जाते. लिव्हर मऊ लागतो आणि हँडलपर्यंत येतो. मेकॅनिक म्हणतो, ब्रेकनं एअर धरली.

दुसरी गोष्ट, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत येऊ शकते. घाटात ब्रेक तापले की आतच वाफ होते, आणि वाफही दबते. म्हणून घरी एवढं बघा :

• ऑइलची पातळी खुणेच्या वर हवी. कमी असेल तर आधी पॅड किती झिजलेत आणि कुठं गळती आहे का ते तपासा.

• झाकणावर लिहिलंय तेच ऑइल सीलबंद बाटलीतून घाला. साधारण दोन वर्षांनी किंवा कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणं सगळं बदला.

• एअर काढताना निपलला पारदर्शक नळी लावा. लिव्हर दाबून धरा, निपल थोडा सैल करा, पुन्हा आवळा, मगच लिव्हर सोडा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करा. वरची टाकी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर पुन्हा हवा शिरेल.

• रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा. डिस्क आणि पॅडला ऑइल किंवा ग्रीस लागू देऊ नका.

एबीएसची गाडी असेल, गळती दिसत असेल किंवा दाबून धरलेला लिव्हर हळूहळू खाली जात असेल, तर घरी प्रयोग नको, थेट मेकॅनिककडं जा.

आणि एअर काढल्यावर लगेच रस्त्यावर जाऊ नका. आधी उभ्या गाडीवर लिव्हर दाबा. तो कडक लागला, तरच अंगणात हळू चालवून ब्रेक लावून बघा. घाट त्यानंतर.