ख्रिस्तोफर प्लान्तिन व त्याचा छापखाना

पवित्र शास्त्राचे पुस्तक आपल्या हाती येते, तेव्हा ते कोणी लिहिले हे आपण विचारतो, भाषांतर कोणी केले हेही कधी कधी विचारतो. पण ते कोणाच्या हातांनी छापले हे सहसा कोणी विचारीत नाही. म्हणून सोळाव्या शतकातील एका फार मोठ्या छापखान्याच्या धन्याची, व त्याबरोबर त्याच्या कामकऱ्यांची, हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

ख्रिस्तोफर प्लान्तिन हा सन १५२० च्या सुमारास फ्रान्स देशात तूर शहराजवळ जन्मला. घर गरिबीचे, आई महामारीने गेली व बाप परक्याच्या घरी चाकरी करी. बापाने त्यास थोडे पैसे देऊन पॅरिस शहरी शिक्षणासाठी ठेविले, पण ते पैसे सरले. मग मुलाने काँ नावाच्या गावी एका मुद्रकाकडे उमेदवारी धरली व तेथे पुस्तकबांधणी शिकला. तेथेच झान रिव्हिएर हिच्याशी त्याची गाठ पडून पुढे लग्न झाले. सन १५४९ च्या सुमारास हे कुटुंब अँटवर्प शहरी आले. हे शहर आता बेल्जम देशात आहे; त्या वेळी ते स्पेनच्या राजाच्या अमलाखाली असून व्यापाराने गजबजलेले होते.

चामड्याच्या नक्षीदार पेट्या व पुस्तकांच्या बांधण्या ह्यांत प्लान्तिनचा हात धरणारा क्वचितच कोणी असेल. एके रात्री तो राजाच्या पदरच्या सायास नावाच्या अधिकाऱ्याची पेटी पोहोचवावयास निघाला असता, काही मद्यपी लोकांनी त्यास दुसराच कोणी समजून तलवारीने घायाळ केले. जखम बरी झाली, परंतु वाकून बांधणीचे काम करणे ह्यापुढे अशक्य झाले. तेव्हा त्याने छापण्याचा धंदा धरला. सन १५५५ मध्ये त्याचे पहिले पुस्तक निघाले.

हा धंदा त्या काळी जोखमीचा होता. सन १५६२ मध्ये तो पॅरिसला गेला असता त्याच्या छापखान्यात पाखंडी ठरविलेले एक चोपडे छापले गेल्याचे उघडकीस आले, व त्याच्या सर्व सामानाचा लिलाव झाला. पुढल्याच वर्षी त्याने भागीदार मिळवून पुन्हा आरंभ केला. दहाबारा वर्षांत त्याच्याकडे सोळा दाबयंत्रे व पन्नासांवर कामकरी झाले. त्या काळी एका धन्याच्या हाताखाली इतकी माणसे छापखान्यात असणे ही नवलाची गोष्ट होती.

तेथील दिवस कसा जाई? खिळे जुळविणारा आपल्या पेटीपुढे उभा राहून एकेक अक्षर उचली. त्याची मजुरी कामावर असे. चूक झाली तर ती दुरुस्त करण्याचा वेळ त्याच्याच पदरचा जाई. दाबयंत्रावर दोघे असत: एक चामड्याच्या गोळ्यांनी खिळ्यांस शाई लावी, दुसरा ओलसर ताव ठेवून दांडा ओढी. दिवसाकाठी सुमारे १२५० ताव दोन्ही बाजूंनी काढावयाचे, म्हणजे अडीच हजार छाप उठवावयाचे. मोट हाकणाऱ्या आमच्या वाचकांस त्या खांद्यांची कल्पना सहज येईल. मुद्रिते तपासताना एक जण मूळ लेख मोठ्याने वाची व तपासनीस छापील ताव पाही. कामकऱ्यांची स्वतःची एक पेटी असे. भांडण, शिवीगाळ, खिळे खाली पाडून तसेच ठेवणे ह्यांबद्दल दंड होई व तो पेटीत पडे. नव्या माणसालाही तीत काही भरावे लागे. आणि कोणी आजारी पडला तर त्यास तीतून मदत मिळे. आमच्या मंडळ्यांतील पंचांनी ही रीत ध्यानात घेण्याजोगी आहे.

प्लान्तिनचे सर्वांत मोठे काम म्हणजे पाच भाषांतील शास्त्र. इब्री, अरामी, सुरियानी, ग्रीक व लॅटिन असे पाठ एकत्र छापण्यास सन १५६८ मध्ये आरंभ झाला, व आठ मोठे खंड होण्यास चारपाच वर्षे लागली. देखरेखीसाठी स्पेनहून आरियास मोन्तानो हा विद्वान आला. राजाकडे हे काम नेणारा अधिकारी तोच सायास, ज्याची पेटी नेताना प्लान्तिनला वार लागला होता. घरच्या मुलींनाही ह्या कामात वाटा होता. तेरा वर्षांची माग्दलेन मोन्तानोच्या घरी मुद्रिते नेऊन त्या पाचही भाषांतील मूळ पाठ त्यास वाचून दाखवी. तिची शक्ती पाहून आश्चर्य वाटते. इतक्या लहान मुलीवर इतका भार घालावा काय, असेही आमच्या मनात येते. राजाचा पैसा मात्र पुरेसा आला नाही, व प्लान्तिन कर्जात बुडाला.

त्यातच सन १५७६ च्या नोव्हेंबरात पगार न मिळालेल्या स्पॅनिश शिपायांनी शहर लुटले. प्लान्तिनला आपले घर व सामान वाचविण्यासाठी नऊ वेळा खंडणी भरावी लागली. सोळांपैकी थोडीच यंत्रे चालू राहिली, आणि कित्येक कामकऱ्यांना दुसरीकडे पोट भरावे लागले. पुढे दोन वर्षे तो हॉलंडात लायडन येथील विद्यापीठाचा मुद्रक होता. राजासाठी रोमी उपासनापुस्तके हजारोंनी छापावीत, राजाविरुद्ध उठलेल्यांचेही काम करावे, आणि अंतःकरणातून एका गुप्त पंथाकडे कल ठेवावा, हे त्याचे वर्तन सरळ होते असे आम्हांस म्हणवत नाही. पन्नास घरांची चूल त्याच्यावर पेटत होती, हेही खरे.

तो सन १५८९ च्या जुलैच्या १ तारखेस अँटवर्पात वारला. छापखाना जावई यान मोरेतुस याने पुढे चालविला. सन १८७६ मध्ये ते घर शहराने विकत घेतले, व तेथे जगातील सर्वांत जुनी दोन दाबयंत्रे आजही पाहावयास मिळतात. पण आमचे मन अधिक रमते ते कोर्नेलिस किलियान ह्या कामकऱ्यापाशी. तो सन १५५८ मध्ये तेथे साधा कामकरी म्हणून लागला, पुढे तपासनीस झाला, आणि दुसऱ्यांच्या चुका काढता काढता त्याने आपल्या डच भाषेचा कोश रचला. धनी गेल्यावरही तो अठरा वर्षे त्याच मेजापाशी बसत राहिला, व सन १६०७ मध्ये मरण पावला तो त्याच छापखान्याचा तपासनीस असताना.