डेव्ह गॅलाहर : एका हरलेल्या सामन्याचा कर्णधार



क्रीडा सप्ताह आला की खेळाडूंची चरित्रं सांगायची पाळी येते आणि आपण बहुतेक वेळा जिंकलेल्यांचीच सांगतो. आजचं चरित्र जरा वेगळं आहे. या कर्णधाराच्या संघाने एका दौऱ्यात ३५ पैकी ३४ सामने जिंकले, आणि लोक मात्र शंभर वर्षांहून जास्त काळ त्या उरलेल्या एका सामन्याबद्दलच बोलत आलेत.

खेळ रग्बीचा. मुलांना सांगायचं तर आधी थोडं समजावून द्यावं लागेल. चेंडू लंबगोल असतो. तो हातात घेऊन पळायचं, पण साथीदाराकडे हाताने पुढे फेकायचा नाही, बाजूला नाहीतर मागेच द्यायचा. समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की झाला ‘ट्राय’. आज ट्रायला ५ गुण मिळतात, तेव्हा ३ मिळायचे. रग्बीचं एवढं कळलं तरी पुढचं सगळं कळतं.

डेव्हिड गॅलाहर यांचा जन्म ३० ऑक्टोबर १८७३ रोजी आयर्लंडमधल्या डोनेगल परगण्यात, रॅमेल्टन या गावी झाला. वडील जेम्स दुकानदार होते. डेव्हच्या जन्मावेळी वडिलांचं वय ६९ आणि आई मारियाचं २९. (हो, बरोबरच वाचलंत.) घराची ओढाताण चाललेली, तेव्हा १८७८ मध्ये हे कुटुंब बेलफास्टहून ‘लेडी जोसलिन’ जहाजाने न्यूझीलंडला निघालं. सगळ्यात धाकटं बाळ इतकं अशक्त होतं की त्याला प्रवासाला नेणं शक्य नव्हतं. त्याला आयर्लंडमध्येच ठेवून यावं लागलं. आडनावाच्या स्पेलिंगमधला एक ‘जी’ही पुढे नव्या देशात गळाला, तो कायमचाच.

काटीकाटी नावाच्या वसाहतीत त्यांनी घेतलेली जमीन कसायला फार अवघड निघाली. वडील तर म्हातारे. घर चाललं ते आईच्या पगारावर. मारियाबाई तिथल्या नव्या शाळेत शिक्षिका झाल्या, आठवड्याला दोन पौंड पगारावर. घरात एवढी मुलं, नवरा थकलेला, आणि या बाई रोज शाळेत जाऊन दुसऱ्यांची मुलं शिकवत होत्या. आपल्यापैकी अनेकींना हे वेगळं समजावून सांगायला नको. १८८६ च्या सुरुवातीला त्या आजारी पडल्या आणि आजारपणामुळे नोकरी गेली. तेराव्या वर्षी डेव्हने शाळा सोडली आणि जनावरं व शेतमालाचा व्यवहार करणाऱ्या एका पेढीत तो कामाला लागला. १८८७ मध्ये कर्करोगाने आई गेली. शिक्षिकेच्या मुलाची शाळा तेराव्या वर्षी सुटावी, ही या चरित्रातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट वाटते. रग्बीचा भाग नंतर येतो.

पुढे भावंडं ऑकलंड शहरात आली. तिथे डेव्ह यांनी फ्रीझिंग कंपनीत, म्हणजे परदेशी पाठवायचं मांस गोठवून साठवण्याच्या कारखान्यात मजुरी केली आणि हळूहळू मुकादम झाले. त्या अंगमेहनतीने शरीर कमावलं गेलं. १८९५ मध्ये ते पॉन्सनबी क्लबकडून खेळू लागले, पुढच्याच वर्षी ऑकलंडच्या संघात आले. मग १९०१ मध्ये बोअर युद्धासाठी दक्षिण आफ्रिकेला गेले, तिथे घोडदळात सार्जंट मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. परत आले तेव्हा वय तिशीकडे झुकलेलं. या वयात खेळाडू निवृत्तीचा विचार करतो. गॅलाहर न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघात आले ते १९०३ मध्ये, त्यानंतर.

१९०५ मध्ये न्यूझीलंडचा संघ ब्रिटनच्या मोठ्या दौऱ्यावर निघाला, कर्णधार गॅलाहर. जहाजावरच कुरबुर सुरू झाली. दक्षिणेकडच्या काही खेळाडूंना वाटत होतं की ऑकलंडवाल्यांना झुकतं माप मिळालंय. गॅलाहर यांनी सरळ कर्णधारपद सोडायची तयारी दाखवली. उपकर्णधार बिली स्टेड यांनीही तेच केलं. व्यवस्थापकांनी राजीनामे घेतले नाहीत, तरी खेळाडूंचं मतदान झालं आणि २९ पैकी १७ मतं त्यांच्या बाजूने पडली. एकमत नव्हतं, बहुमत होतं. आपल्या शाळेच्या संघात कर्णधार निवडताना जे रुसवेफुगवे होतात, त्यांची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

पहिला सामना डेव्हनशी, निकाल ५५ विरुद्ध ४. तिथून पुढे रांगेने विजय. स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंड, सगळे हरले. ‘ऑल ब्लॅक्स’ हे नाव याच दौऱ्यात सगळीकडे पसरलं. गॅलाहर शिस्तीचे पक्के. सामन्याआधी तासभर पलंगावर पडून फक्त होणाऱ्या खेळाचा विचार करायचा, असा त्यांचा खेळाडूंसाठी नियमच होता. त्यांची स्वतःची खेळण्याची जागा मात्र वादाची ठरली. रग्बीत दोन्ही संघांचे धिप्पाड गडी खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात, त्याला ‘स्क्रम’ म्हणतात. इतर संघ त्यात आठ गडी घालायचे, न्यूझीलंड सातच. आठवा गडी म्हणजे गॅलाहर. ते बाहेरून चेंडू आत सोडायचे आणि मग आपल्या साथीदाराला आड देऊन उभे राहायचे. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी याला लबाडी म्हटलं. न्यूझीलंडच्या मते ती नियमातच बसणारी युक्ती होती. प्रत्येक ठिकाणी प्रेक्षकांचा सगळा राग या एकाच माणसावर निघायचा.

आणि मग आला १६ डिसेंबर १९०५. स्थळ वेल्सची कार्डिफ नगरी. तोवर न्यूझीलंडने ओळीने २७ सामने जिंकले होते. वेल्स अगदीच लिंबूटिंबू नव्हतं हे खरं, त्याच वर्षी त्यांनी इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड तिघांनाही हरवलं होतं. पण या तिघांना न्यूझीलंडनेही धूळ चारली होती, आणि या काळ्या जर्सीवाल्यांना कुणीतरी थांबवू शकेल असं मानायला लोक धजत नव्हते. वेल्स हा इंग्लंडच्या कुशीतला चिमुकला देश. कोळशाच्या खाणी, लोखंडाच्या भट्ट्या, आणि शेजारच्या मोठ्या भाषेपुढे टिकून राहिलेली स्वतःची भाषा. मैदानात सुमारे ४७,००० माणसं जमली होती.

न्यूझीलंडच्या खेळाडूंनी नेहमीप्रमाणे ‘हाका’ केला, म्हणजे माओरी लोकांचं पाय आपटून, आरोळ्या देत केलं जाणारं आव्हान-नृत्य. त्याला उत्तर म्हणून वेल्सचे खेळाडू टेडी मॉर्गन यांनी वेल्श भाषेतलं त्यांचं राष्ट्रगीत म्हणायला सुरुवात केली. बघता बघता अख्खं मैदान गाऊ लागलं. आंतरराष्ट्रीय सामन्याआधी राष्ट्रगीत म्हणण्याची ही पहिलीच वेळ, असं मानलं जातं. आज आपण क्रिकेटच्या सामन्याआधी उभे राहतो ना, त्या प्रथेचं मूळ तिथे सापडतं.

पंच होते स्कॉटलंडचे जॉन डॅलस. वय २७, अंगात साधे कपडे, पायात बिनखिळ्यांचे बूट. त्यांनी स्क्रममध्ये गॅलाहर यांच्याविरुद्ध एकामागून एक शिट्ट्या मारल्या. अखेर गॅलाहर यांनी आपल्या गड्यांना स्क्रममधल्या चेंडूसाठी झगडूच नका असं सांगून टाकलं. पहिल्या डावातच वेल्सच्या डिकी ओवेन यांनी एका बाजूला जातोय असं भासवलं आणि चेंडू उलट दिशेला दिला. हातोहाती तो टेडी मॉर्गन यांच्याकडे आला आणि त्यांनी डाव्या कोपऱ्यात ट्राय केला. वेल्स ३, न्यूझीलंड ०.

दुसऱ्या डावात न्यूझीलंडचा २१ वर्षांचा बॉब डीन्स चेंडू घेऊन रेषेकडे झेपावला आणि तिथेच त्याला पाडलं. डीन्सचं म्हणणं, मी चेंडू रेषेपलीकडे टेकवला होता, नंतर मला मागे ओढलं. पंच धावत पोहोचले तेव्हा चेंडू रेषेच्या अलीकडे होता. त्यांनी ट्राय दिला नाही. रेषेवरच्या इंच-दोन इंचांवरून कबड्डीच्या मैदानात किती भांडणं होतात ते आपण बघतोच. इथे तर सबंध दौरा पणाला लागलेला. गुणफलक शेवटपर्यंत हलला नाही.

शेवटची शिट्टी झाली आणि मैदानात लोकांचा पूर आला. खाणीत, कारखान्यात राबणाऱ्या माणसांनी आपल्या खेळाडूंना डोक्यावर घेतलं. वेल्समध्ये तो दिवस आजी-आजोबांकडून नातवंडांपर्यंत सांगितला गेला आहे. तेव्हापासून या दोन देशांत जी चुरस लागली, ती आजही आहे. वेल्सने पुढे १९३५ आणि १९५३ मध्ये न्यूझीलंडला हरवलं. १९५३ नंतर आजवर पुन्हा जमलेलं नाही, त्यामुळे १९०५ ची आठवण आणखीच उजळ होत गेली असावी.

आता त्या गर्दीतून बाहेर निघालेल्या हरलेल्या कर्णधाराकडे बघा. डीन्सने आपला दावा तारेने वर्तमानपत्राला कळवला. पुढे वेल्सच्या खेळाडूंचंही याबाबत एकमत राहिलं नाही. गॅलाहर यांच्याकडे तक्रारीला भरपूर जागा होती. पंच तरुण, बुटांना खिळे नाहीत, त्यात तो वादग्रस्त निर्णय. त्यांनी जाहीरपणे एवढंच मान्य केलं की त्या दिवशी सरस संघ जिंकला. आणि दुसऱ्या दिवशी गाशा गुंडाळून निघून जाण्याचीही सोय नव्हती. पुढचे दोन आठवडे, जल्लोषात बुडालेल्या त्याच वेल्समध्ये, आणखी चार सामने खेळायचे होते. ग्लॅमॉर्गन, न्यूपोर्ट, कार्डिफ, स्वान्सी. चारही जिंकले, पण स्वान्सीशी ४ विरुद्ध ३ असे, अगदी काठावर. हरल्यानंतरचे हे चार सामने मला त्या आधीच्या २७ विजयांपेक्षा मोठे वाटतात.

दौरा संपल्यावर गॅलाहर खेळातून निवृत्त झाले. स्टेड यांच्यासोबत त्यांनी रग्बीवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं, तेराव्या वर्षी शाळा सुटलेल्या माणसाने. १९०६ मध्ये लग्न झालं, १९०८ मध्ये मुलगी झाली. ऑकलंडच्या आणि देशाच्या संघाची निवड करण्याचं काम त्यांनी कित्येक वर्षं केलं.

मग पहिलं महायुद्ध. वयामुळे त्यांना सक्ती नव्हती, तरी मे १९१६ मध्ये त्यांनी सैन्यात नाव दिलं. धाकटा भाऊ डग्लस मारला गेला म्हणून सूड घ्यायला ते गेले, अशी गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगतात. पण डग्लस गेला ३ जून १९१६ रोजी, म्हणजे यांनी नाव दिल्यानंतर. वर्गात सांगताना ही तारीख जरूर फळ्यावर लिहा. छान वाटणारी गोष्ट तारखांपुढे कशी टिकत नाही, हे मुलांना स्वतः शोधू द्या.

४ ऑक्टोबर १९१७ रोजी बेल्जियममध्ये, पॅशनडेलच्या लढाईत, तोफगोळ्याचा तुकडा शिरस्त्राण भेदून डोक्यात शिरला. ऑस्ट्रेलियन सैन्याच्या उपचार केंद्रात त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. पुढच्या एप्रिलमध्ये आणखी एक भाऊ, हेन्री, फ्रान्समध्ये पडला. मारियाबाईंचे तीन मुलगे त्या युद्धाने नेले.

ऑकलंडमध्ये क्लबांच्या स्पर्धेला १९२२ पासून ‘गॅलाहर शील्ड’ दिली जाते. कार्डिफच्या त्या सामन्यात त्यांनी घातलेली जर्सी २०१५ मध्ये लिलावात १,८०,००० पौंडांना विकली गेली, आणि तो लिलावही कार्डिफमध्येच झाला. त्यांची कबर बेल्जियममधल्या पोपरिंगे गावाजवळ आहे. दगडावर न्यूझीलंडचं नेचाचं पान कोरलंय आणि वय ४१ लिहिलंय. खरं वय ४३ होतं. भरती होताना त्यांनी ते कमी सांगितलं होतं.